दोन ग्रॅमचा गळ: फिनेस सेट वर्षभर वापरल्यावर

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर ठाण्याच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानातून मी फिनेस मासेमारीचा सगळा सेट घेतला. साडेसहा फुटी लाइट रॉड, २००० साइझची स्पिनिंग रील, १५० मीटर बारीक ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, लीडरसाठी, म्हणजे त्या दोऱ्याच्या पुढे जोडायच्या तुकड्यासाठी, फ्लुरोकार्बनचं छोटं रीळ, मशरूमसारख्या डोक्याचे १० जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ, आणि मऊ प्लास्टिकच्या किड्यांची २ पाकिटं. बिल झालं ७,८५० रुपये. वर्षभर दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोन-तीनदा तरी वापरला. काळू नदीवर वापरला, उल्हासवर वापरला, नेरुळला सारसोळ्याच्या जेट्टीवर वापरला. आता त्याबद्दल खात्रीने काही सांगू शकेन असं वाटतं.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत टूलरूमला फिटर आहे, २९ वर्षं. त्यामुळे वस्तू हातात आली की ती कुणाची यापेक्षा ती कशी बनवली आहे तिकडे आधी लक्ष जातं. राहायला ऐरोलीत, मूळचेही ऐरोली गावातलेच. बाबा खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे. मी दुकानातून आणलेला तो बोटाएवढा हिरवट किडा त्यांनी चिमटीत धरला, ताणून पाहिला आणि विचारलं, "यो कनचा किरा रं? ह्याला म्हावरं लागंल?" प्रश्न रास्त होता. त्यांनी आयुष्यभर जिवंत कोलंबी नाहीतर जाळं, एवढंच पाहिलेलं.

फिनेस म्हणजे नाजूक हाताने केलेलं काम. ही पद्धत वाढली ती ब्लॅक बास या माशाच्या मागे, अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या तळ्यांवर. पाणी नितळ आणि काठावर रोज गळ टाकणारे शंभर लोक, अशा ठिकाणी मासा शहाणा होतो. मोठं, चमकणारं, खळखळणारं आमिष दिसलं की तो बाजूला सरकतो. तिथे लोकांनी आमिष लहान केलं, वजन कमी केलं, दोरा बारीक केला आणि हात संथ केला. मी घेतलेल्या जिगवर छोटा किडा लावला की त्या रचनेला नेड रिग म्हणतात. कॅन्सस राज्यातले, मासेमारीवर लिहिणारे नेड केडी यांच्यावरून ते नाव पडलं. दुसरी रचना ड्रॉप शॉट. तिच्यात शिसं दोऱ्याच्या टोकाला असतं आणि गळ वीत-दीड वीत वर.

आपल्याकडे ब्लॅक बास नाही आणि तो नाही हे बरंच आहे. जपानमध्ये तो १९२५ साली अमेरिकेहून आणून आशी तळ्यात सोडला. पुढे तो इतका पसरला की २००५ साली कायदा करून जिवंत बास आणायला, न्यायला, सोडायला बंदी घालावी लागली. आपल्या नद्यांमध्ये चिलापी (तिलापिया) या परदेशी माशाने काय केलं आहे ते डोळ्यांसमोर असताना आणखी एक पाहुणा नको. ही चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली गेली आणि आज ठाणे जिल्ह्यात असं पाणी शोधावं लागतं जिथे ती नाही.

मग बासची हत्यारं इथे कशाला? कारण आपल्या खाडीतला जिताडा. इंग्रजीत त्यालाही सी बास म्हणतात. कूळ वेगळं आहे: बास सनफिशच्या कुळातला, जिताडा लॅटिडी कुळातला. पण खाण्याची रीत सारखी. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की गपकन तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढतात. चावत नाहीत, ओढतात. मरळसुद्धा बरीचशी तशीच. हे एकदा नीट समजलं की दोन ग्रॅमच्या जिगचं महत्त्व समजतं. जड आमिष त्या ओढीत जागचं नीट हलत नाही, हलकं आमिष पाण्याबरोबर आपसूक घशाशी जातं. आणि मासा आत घेतो तसाच क्षणात थुंकूनही टाकतो. तेवढ्या क्षणात तुमच्या बोटांना कळलं पाहिजे. सगळा सेट त्या एका क्षणासाठी आहे, आणि मी प्रत्येक वस्तू त्याच कसोटीवर पाहिली.

जिगपासून सुरुवात करतो. माझ्या मते पैसे इथे वसूल होतात नाहीतर इथेच बुडतात. पाकिटावर १.८ ग्रॅम छापलेलं होतं, म्हणजे औंसाचा सोळावा भाग. मेहुण्याचं कळव्याला सोन्याचांदीचं दुकान आहे. त्याच्या काट्यावर दहाही जिग तोलले. सगळ्यात हलका १.६ निघाला, सगळ्यात जड २.१. अर्धा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण दोन ग्रॅमात अर्धा ग्रॅम म्हणजे पाव हिस्सा झाला. कमरेएवढ्या पाण्यात एक जिग तरंगत उतरतो आणि दुसरा दगडासारखा जातो, हे पाण्यात उभं राहून डोळ्यांनी पाहिलं आहे. जड निघालेले चार मी बारीक कानशीने उतरवून १.८ वर आणले. कुणी करणार असेल तर तोंडाला फडकं बांधून, कागद अंथरून करा आणि हात साबणाने धुवा. शिशाचा कीस स्वयंपाकघरात नको.

गळाची तार मायक्रोमीटरवर ०.७ मिलिमीटर भरली. बारीक तार या कामाला हवीच, कारण रॉड मऊ असते आणि जोरात हिसडा मारता येत नाही. गळ आपल्या धारेने रुतला पाहिजे. नखावर टोक टेकवून पाहिलं: घसरलं नाही, रुतलं. धार उत्तम. पण तारेला पाणी बरोबर दिलेलं नाही. खाडीत एक शिंगाळा लागला, किलोच्या आतबाहेर असेल, आणि वर आणेपर्यंत गळ उलगडून अर्धा सरळ झाला. चांगल्या गळाने एवढ्याला तुटूही नये आणि वाकूही नये. दुसऱ्या कंपनीचे जिग नंतर घेतले, १० ऐवजी ५ मिळाले त्याच पैशांत, ते अजून वाकलेले नाहीत. सगळ्या गळांची अढी, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, मी पकडीने दाबून टाकतो. मासा निसटण्याचं प्रमाण थोडं वाढतं, पण सोडायच्या माशाचा जबडा फाटत नाही. एकदा स्वतःच्या अंगठ्यात गळ गेला तेव्हाही तो सहज निघाला.

किडे मात्र कमाल आहेत. झी-मॅन या अमेरिकन कंपनीने हा रबरासारखा पदार्थ वापरात आणला, त्यांच्याकडे त्याला इलॅझटेक म्हणतात. तो पाण्यावर तरंगतो. म्हणून जिगचं डोकं तळाला टेकलं तरी किड्याची शेपटी वर उभी राहते आणि प्रवाहाच्या नुसत्या झुळकीने हलते. आपण काहीही करत नसताना तो काम करत असतो. साधं मऊ प्लास्टिक बुडतं आणि तळाला आडवं पडतं. शिवाय तो तुटत नाही. चिलापीचे बारीक दात साध्या किड्याच्या दोन माशांत चिंध्या करतात. हा एक किडा मी पाच रविवार वापरला. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती: तो साध्या प्लास्टिकच्या किड्यांबरोबर एका डबीत ठेवायचा नाही. मी ठेवला. मे महिन्यात डबी उघडली तर आत दोन्हींचा मिळून चिकट लगदा झालेला आणि डबीचा तळही पाघळलेला. हे दोन पदार्थ एकमेकांना खातात. मूळ पाकिटातच ठेवा, उन्हापासून लांब.

रॉडवर फिटरची नजर सगळ्यात आधी रिंगांवर जाते. दुकानातच कापसाचा बोळा मागून प्रत्येक रिंगमधून फिरवला. टोकाच्या रिंगला कापसाचे धागे अडकले, म्हणजे आत बर, धातूची खरखरीत धार, होता. ब्रेडचा दोरा तिथे महिन्याभरात कातरला असता. दुकानदारकाकांनी एक शब्द न बोलता दुसरा पीस काढून दिला, आणि तोही मी तसाच तपासेपर्यंत थांबले. या एका गोष्टीसाठी त्या दुकानात पुन्हा जाईन. ऑनलाइन घेतली असती तर कापूस फिरवायला रॉड हातात कुठे होती!

टोक सॉलिड कार्बनचं आहे, पोकळ नाही. त्यामुळे ते मऊ आहे, पण खालचा दोन तृतीयांश भाग ताठ. वजनाची मर्यादा १ ते ७ ग्रॅम लिहिली आहे. खरं सांगायचं तर १ ग्रॅमने ती वाकतच नाही, फेक दहा-बारा हातांवर पडते. ३ पासून ५ पर्यंत ती मजेत चालते. जिग आणि किडा मिळून तीनच्या पुढे जातं, म्हणून माझ्या कामाला ती चपखल बसली. मार्चमध्ये टोकाच्या रिंगमधलं सिरॅमिकचं कडं निखळलं. तेही मीच बदललं: टोक मेणबत्तीपासून लांब धरून हलकं गरम केलं, जुनी रिंग ओढून काढली, हॉट मेल्ट गोंदावर नवी बसवली आणि बाकीच्या रिंगांच्या रेषेत डोळ्याने जुळवली. नवी रिंग मिळाली स्वस्तात, पण पहिल्याच वर्षी हे व्हायला नको होतं.

रीलबद्दल माझं मत निम्मं चांगलं, निम्मं वाईट आहे. गिअर बरे आहेत, हँडलला खेळ कमी. पण या कामात रीलचा प्राण ड्रॅगमध्ये, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सोडणाऱ्या ब्रेकमध्ये, असतो, आणि तिथे हात आखडता घेतला आहे. लीडर सहा पौंडांचा, म्हणजे २.७ किलोचा. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा असतो, म्हणजे ७०० ते ९०० ग्रॅम. स्प्रिंग काटा लावून ओढलं तर दोरा सुटायला सव्वा किलो लागलं आणि एकदा सुटल्यावर काटा ७०० वर आला. याला आमच्या भाषेत चिकटणं म्हणतात. बारीक दोऱ्यावर मासा पहिली धाव घेतो तेव्हा नेमका हाच झटका दोरा तोडतो. उघडून पाहिलं तर फेल्टचे वॉशर कोरडे ठणठणीत होते. ड्रॅगचं ग्रीस चोळलं, परत बसवले. आता ८०० ला सुटतो आणि ७०० ला चालतो. दहा मिनिटांचं काम आहे, ते कारखान्यात व्हायला हवं होतं.

खाडीचं पाणी लागल्यावर दुसरी खोड दिसली. फेब्रुवारीत दोरा ज्या छोट्या चाकावरून वळतो ते फिरेनासं झालं, आतलं बेअरिंग मिठाने धरलं होतं. तेव्हापासून खाडीवरून आलो की ड्रॅग पूर्ण आवळतो, म्हणजे आत पाणी जात नाही, मग नळाच्या हलक्या धारेखाली रील धुतो, पुसतो आणि ड्रॅग सैल करून ठेवतो. चाकाला तेलाचा एक थेंब. त्यानंतर त्रास नाही.

दोऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ब्रेडवर जाडी ०.१२ छापलेली. मायक्रोमीटरवर तिचं खरं माप मिळत नाही, कारण ती दाबली की चपटी होते. मी तीन वेळा मोजलं, तीन वेगळे आकडे आले आणि तो नाद सोडला. वापरात ती छान आहे. ताण अजिबात खात नाही, तळाला खडी आहे की गाळ ते हाताला कळतं. गाठींचा गुंता पहिल्या महिन्यात फार झाला. हलक्या आमिषाने दोरा सैल गुंडाळला जातो आणि पुढच्या फेकीला झुबका बाहेर येतो. फेकल्यावर बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, हँडलने न पाडता हाताने पाडायची आणि सैल दोरा बोटाने ताणून घ्यायचा, एवढ्याने तो त्रास संपला. स्पूल काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर जागा ठेवा.

ब्रेड पाण्यावर तरंगते आणि डोळ्यांना दिसते, म्हणून पुढे हातभर-दीड हात फ्लुरोकार्बन लावतात. तो पाण्यात जवळपास दिसेनासा होतो, बुडतो आणि दगडावर घासला तरी लवकर तुटत नाही. दुकानातलं छोटं रीळ संपल्यावर मी ऑनलाइन स्वस्तात मोठं रीळ मागवलं. हाताला ते साध्या तंगुसासारखं लागलं. शंका आली म्हणून घरी एक परीक्षा केली, ती कुणालाही करता येईल. वाटीभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घातलं, तळाला मीठ उरेपर्यंत. असं पाणी साध्या पाण्यापेक्षा सव्वापट नाही, पण एक पंचमांशाने जड होतं. दोऱ्याचा तुकडा बोटांनी ओला करून, हवेचे बुडबुडे पुसून, त्यात बुडवून सोडला. खरा फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पटींहून जड, तो तळाला जायला हवा. नायलॉन १.१४, तो वर यायला हवा. दुकानातल्या रिळाचा उरलेला तुकडा बुडाला. ऑनलाइनवालं वर आलं. बायकोने वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, परत पाठवा ते आजच." पाठवलं, पैसे परत मिळाले. तेव्हापासून लीडर दुकानातूनच घेतो.

आता पाण्यावर. पावसाळ्यात मी नदीवर जात नाही. वलगणीच्या दिवसांत मासा अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढत असतो, तेव्हा त्याला अडवणं मनाला पटत नाही. दिवाळीनंतर काळूचं पाणी निवळलं की सुरुवात. ऐरोलीहून ठाणे, तिथून पहाटेची टिटवाळा लोकल, पुढे रिक्षा आणि मग बांधाबांधाने चालत. पहिल्या दिवशी तासभर काहीच घडलं नाही. हात सवयीने भराभर रील फिरवत होता, तीच चूक. मग मनाशी ठरवलं: जिग तळाला टेकला की दहा आकडे मोजायचे, टोक चार बोटं उचलायचं, पुन्हा दहा. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोरा टोकाशी नुसता एक गहू सरकला. हाताला झटका नाही, ओढ नाही, फक्त दोरा सरकला. टोक उचललं आणि रॉड वाकली.

तळव्याएवढी चिलापी होती. बाजारात कुणी ढुंकून पाहिलं नसतं, पण मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्या दिवशी अकरा चिलाप्या आल्या. त्यांतल्या काही उथळ पाण्यात केलेल्या खळग्यांवर होत्या. नर खळगा राखतो आणि जवळ आलेल्या कशावरही धावतो. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. एका मादीने गळ काढताना हातात अंडी ओकली. चिलापी नद्यांना त्रासदायक आहे, हे मलाही माहीत आहे, पण तेव्हापासून खळग्यांवर मी टाकत नाही.

जानेवारीत तिथल्याच एका डोहात मरळ मिळाली, पाऊण किलोची. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर मोठं वर्तुळ उठतं. त्या वर्तुळावर टाकायचं नाही, तिचं तोंड जिकडे वळलं आहे त्याच्या दोन हात पुढे टाकायचं. ती मऊ टोकावर सहा-सात मिनिटं खेळली, दोनदा पाणवेलीत शिरली. मऊ रॉडचा गुण तिथे कळला: ताठ रॉड असती तर दोरा केव्हाच तुटला असता, ही वाकत राहिली आणि देत राहिली. पुढच्या आठवड्यात त्याहून मोठी वेलीत शिरली ती गेलीच. वेलींच्या जागी हा सेट कमी पडतो, हे मान्य करायला हवं.

खाडीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. उधाणाला हा सेट घरी ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ठाण्याच्या खाडीत पाण्याला इतकी ओढ असते की दोन ग्रॅमचा जिग तळाला पोचतच नाही, आणि पाणी गढूळ चहासारखं, त्यात किडा माशाच्या नाकासमोरून गेला तरी त्याला दिसणार नाही. तिथे दहा-पंधरा ग्रॅम आणि आवाज करणारं आमिषच हवं. भांगाला मात्र, अष्टमीच्या आगेमागे, ओढ मंदावते, गाळ बसतो, आणि मग या नाजूक कामाला जागा मिळते. नवी मुंबईच्या होल्डिंग पाँडची, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांची, दारं ज्यांनी पाहिली असतील त्यांना कळेल: भरतीला दारं मिटतात, सुकतीला आतलं पाणी बाहेर सुटतं. त्या सुटत्या पाण्याबरोबर बारीक कोलंबी आणि लहान मासळी येते आणि जिताड्याची पिल्लं कडेच्या मंद पाण्यात तोंड वासून थांबतात. धारेत नाही, धारेच्या कडेला टाका. तिथे लीडर बारा पौंडांचा लावतो. जिताड्याच्या ताकदीसाठी नाही, दगडांवरच्या कालवांसाठी. कालवाच्या धारेवर सहा पौंड म्हणजे सुतळीला कात्री.

असे सात जिताडे मिळाले वर्षभरात, सगळे हातभरापेक्षा लहान, सगळे सोडले. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. हातभरही न झालेल्या पोराने अजून एकदाही वंश वाढवलेला नसतो. पेण-अलिबागकडे घरच्या तळ्यात जिताडे पोसून जावयाला खाऊ घालतात, तेवढा मोठा खाडीत वाढू दिला तरच तो पुन्हा दिसेल.

एक विनंती. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पश्चिमेचा काठ फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, २०१५ पासून, आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही. तिकडे गळ नको. आणि कुठेही तुटलेला दोरा आणि फाटका किडा खिशात घालून घरी आणा. ब्रेड कुजत नाही. सारसोळ्याला एका बगळ्याच्या पायात गुंतलेला दोरा आम्ही तिघांनी मिळून सोडवला, तो माझा नव्हता, पण माझाही असू शकला असता.

ड्रॉप शॉटसाठी वेगळं शिसं विकत घेतलं नाही. बाबांचा जुना पाग माळ्यावर आहे, त्याचा घेर कुजला आहे. त्यातल्या शिशाच्या गोळ्या काढू का, असं विचारलं तर म्हणाले, "काढ की, नायतरी आता कोन टाकतं." एकेक गोळी ५ ग्रॅमच्या आसपास भरली. त्यातल्या दोन दोऱ्याच्या टोकाला लावून मार्चच्या भांगाला बाबांना सारसोळ्याला घेऊन गेलो. ते ७८ वर्षांचे आहेत, जेट्टीच्या पायरीवर खुर्ची टाकली. रॉड हातात दिली आणि सांगितलं, काही करायचं नाही, नुसती धरायची. त्यांनी डावा हात रॉडवरून काढला आणि दोराच तर्जनीवर घेतला, पागाची दोरी धरतात तसा. मी सांगणार होतो की असं धरत नाहीत. सांगितलं नाही.

पंधरा मिनिटांनी, टोक हललेलंही नव्हतं, ते म्हणाले, "हाय." मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी मनगट उचललं आणि खाली खरंच होता: वीतभर तांबोशी. पुढे तासात आणखी दोन. मधे मी रॉड घेतली तेव्हा मला त्याच सेटवर, त्याच किड्यावर एकही नाही. तेव्हापासून मीही दोरा बोटावर घेतो आणि मला आधीपेक्षा दुप्पट कळतं.

म्हणून कुणी विचारलं तर माझा हिशेब असा आहे. रॉडवर तीन-साडेतीन हजारांपेक्षा जास्त घालू नका, पण रिंगा कापसाने तपासून घ्या. रील मध्यम घ्या आणि पहिल्याच दिवशी ड्रॅग उघडून ग्रीस लावा, जमत नसेल तर कुणाकडून लावून घ्या. वाचलेले पैसे गळ आणि लीडर यांवर घाला. नदीसाठी हा सेट दहापैकी नऊ, भांगाच्या खाडीला सहा, उधाणाला शून्य.

बाबांनी काल विचारलं, यंदा भांग कधी धरतोस. त्यांच्यासाठी दुसरी रॉड बघायला शनिवारी पुन्हा त्याच दुकानात जातो आहे. कापूस घेऊनच.